गौरीचं सासर

आमच्या सोसायटीला दोन फाटकं आहेत. पुढचं रस्त्यावर उघडतं, त्याला वॉचमन आहे. मागचं नदीवर उघडतं, त्याला गंज आहे. हे मागचं फाटक कायमचं बंद करावं असा विषय दर वार्षिक सभेत निघायचा आणि दर वेळी माझ्या सासूबाई तो हाणून पाडायच्या. फाटकातून वास येतो, डास येतात, उद्या चोर येतील, असं सगळे म्हणायचे. चोराला त्या चिखलातून कमरेपर्यंत रुतत यावं लागलं असतं, आणि इतकी मेहनत करायची तयारी असलेला माणूस चोरी कशाला करील? पण सभेत असं कोण बोलतं. सासूबाई उठून एवढंच म्हणायच्या, की आमच्या गौरीला वाट लागते. मग माणसं खाली बघायची. देवाच्या वाटेत कुणाला यायचं नसतं. विषय पुढच्या सभेवर जायचा.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. आमच्यात खड्यांची गौर असते. मुखवटे नाहीत, साड्या नेसवलेल्या उभ्या गौरी नाहीत. वाहत्या पाण्यातले सात खडे घ्यायचे, ताम्हणात ठेवायचे, वर खण झाकायचा आणि घरी आणायचे. खडे उचलल्यापासून घरच्या उंबरठ्यापर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. उंबरठ्यावर घरातलं माणूस विचारतं, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?" तेव्हा कुठे तोंड उघडायचं आणि म्हणायचं, "सोन्याच्या पावलांनी." तीन दिवस तिने माहेरपण करायचं, घावन-घाटलं खायचं, आणि तिसऱ्या दिवशी दहीभाताची शिदोरी घेऊन परत आपल्या सासरी जायचं. सासर म्हणजे ती नदी.

मी पहिल्यापासून उचलली जीभ लावली टाळ्याला अशी. त्यामुळे ती मुकी वाट मला फार जड जायची. लग्नानंतरच्या पहिल्या भाद्रपदात मी सासूबाईंना विचारलं होतं, की बोलायचं का नाही. त्या म्हणाल्या, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, तसं हेही विचारू नये. मी गप्प बसले, कारण नवी होते.

तेव्हा फाटकाबाहेर भातशेती होती आणि तिच्या बांधावरून पायवाट जायची. नदी लहानच, तुंगारेश्वरच्या डोंगराकडून यायची आणि खाडीला मिळायची. पावसाची उघडीप असली की भाद्रपदातसुद्धा तळ दिसायचा. सासूबाई पदर खोचून पाण्यात उतरायच्या आणि खडे निवडायच्या. निवडायच्या म्हणजे अक्षरशः. हा नको, ह्याला कंगोरा आहे. हा नको, ह्याचा रंग उदास आहे. हे सगळं हातवाऱ्यांनी, कारण पहिला खडा हातात आला की वाचा बंद. मी काठावर ताम्हण धरून उभी. एकदा बोटाएवढे मासे त्यांच्या पायाला चावे घेत होते आणि त्या तोंड मिटून हसत होत्या, पोट हलेपर्यंत. त्या बाईला मी इतकी मोकळी हसताना फार वेळा पाहिलेली नाही.

सासरे गेले आणि सवाष्णीचं काम म्हणून पाण्यात उतरणं माझ्याकडे आलं. खडे निवडायचा मान माझा झाला, पण काठावर उभ्या राहून मान हलवायचा हक्क त्यांनी सोडला नाही. आणि बोळवणीच्या दिवशी खडे पाण्यात सोडून झाले, की नदीतली मूठभर वाळू त्या स्वतः वाकून उचलायच्या. ती वाळू घरी आणून तांदळाच्या डब्यावर, तुळशीत, चार कोपऱ्यांत टाकायची. घरात बरकत राहते म्हणतात.

नदी बिघडली ती एका दिवसात नाही. आधी भातशेती गेली आणि तिच्यावर इमारती आल्या. मग काठाने भराव पडायला लागला. रात्रीतून डंपर ओतून जायचे, सकाळी नदी हातभर अरुंद झालेली असायची. दर भाद्रपदात मी फाटक उघडायचे आणि वर्षभरात काय काय झालं ते एकदम दिसायचं. एका वर्षी फेस होता, साबणाचा असावा तसा, पण विरत नव्हता. एका वर्षी पाण्याला जांभळी झाक होती आणि नवरा म्हणाला, कुठेतरी कापड रंगवत असतील. भरतीला खाडी चढली की खाली गेलेलं सगळं परत वर यायचं, पिशव्या, डायपर, थर्मोकोलचं मखर, मागच्या आठवड्यातला आपलाच कचरा आपल्याला भेटायला. तक्रार केली. ज्याला विचारावं तो दुसऱ्याचं दार दाखवायचा. शेवटच्या दारावर गेले तर तिथल्या माणसाने मलाच विचारलं, मॅडम, तुम्ही तिकडे जाता कशाला?

काठावर पूर्वी शेत असलेली एक बाई अजून भेंडी-वालपापडी घेऊन आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसते. एकदा भाजी द्यायला आत आली असताना तिने आम्हाला ताम्हण घेऊन जाताना पाहिलं आणि सासूबाईंना सांगितलं, "आजी, त्या पान्यान पाय घालू नको. आमी जनावरं पन उतरवीत नाय." सासूबाईंनी पदर खोचला आणि त्या पुढे चालू लागल्या.

आणि मग ते मोरीचं वर्ष आलं.

त्या वर्षी तळ चाचपताना माझ्या हाताला काळा गाळच लागत होता. खडे असे नव्हतेच. बरंच खाली, जिथे भराव पाण्यात घसरला होता, तिथे मला एकदम छान गोल गुळगुळीत खडे सापडले. एक लालसर, एक करडा ठिपक्यांचा, एक चपटा. सासूबाईंनी काठावरून खुशीत मान हलवली. नदीने यंदा लाज राखली असं मला वाटलं. वाजतगाजत म्हणता येणार नाही, पण बऱ्या मनाने गौर घरी आली.

दुसऱ्या दिवशी पूजेला हळदकुंकू वाहताना चपट्या खड्यावर कुंकू धरेना. लावलं की घसरायचं. सासूबाईंनी तो उचलला, खिडकीपाशी नेला, अंगठ्याने घासला. मळ गेला आणि खालून फिकट निळा रंग निघाला, त्यावर पांढरे ठिपके. त्यांना डोळ्यांनी कमी दिसायचं, पण त्या फरशीवर त्यांनी वीस वर्षं ब्रश मारला होता.

"ही आपल्या मोरीची फरशी आहे," त्या म्हणाल्या.

आम्ही मोरी नवीन करून घेतली होती त्याला काही वर्षं झाली होती. कॉन्ट्रॅक्टर जुन्या फरशा-विटांचं राबिट पोत्यांतून घेऊन गेला होता. कुठे नेतो असं आम्ही विचारलं नव्हतं. कुणीच विचारत नाही, राबिट दाराबाहेर गेलं की माणसाला हलकं वाटतं. पाण्याने त्या फरशीच्या कडा घासून घासून तिची गौर केली होती. मग मी बाकीचेही निरखून पाहिले. लालसर खडा विटेचा होता, ठिपक्यांचा सिमेंटचा. उरलेले चार खरे दगड असावेत, मी अजूनही खात्रीने सांगणार नाही.

आता काय करायचं, मी विचारलं. सासूबाईंनी फरशी पुसली आणि परत जागेवर ठेवली. म्हणाल्या, आवाहन झालंय, बसवलेली देवी उठवतात का? तेव्हा आम्ही आमच्या मोरीच्या फरशीला घावन-घाटल्याचा नैवेद्य दाखवला. तिची आरती केली. आणि तिसऱ्या दिवशी रीतसर हळदकुंकू लावून ती परत नदीत नेऊन टाकली. कॉन्ट्रॅक्टरने एकदा केलं होतं तेच काम, फक्त आम्ही अनवाणी जाऊन केलं. मला त्या दिवशी हसू आलं होतं. आज येत नाही.

दोन वर्षांनी त्यांचा पाय गेला. पाय म्हणजे दोन बोटं, पण चालणं गेलं तर पायच म्हणायचा. बोळवणीच्या दिवशी मी नको नको म्हणत असताना त्या वाळू घ्यायला उतरल्या. वाळू कुठली, काळा लगदा. त्यात काच होती. साखर असलेल्या माणसाला पायाचं दुखणं लवकर कळत नाही. घरी येऊन त्यांनी तो लगदा फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यावर ठेवला तेव्हा फरशीवर रक्ताचा डाग मला दिसला, त्यांना नाही. लगदा मी लगेच फेकून दिला. जखम मात्र चिघळत गेली, आणि शेवटी बोटं काढावी लागली.

हॉस्पिटलातला डॉक्टर तरुण होता, नायगावच्या नव्या टॉवरमध्ये राहणारा. त्याने विचारलं, आजी कशात चालल्या होत्या. नवरा म्हणाला, बाहेर कुठेतरी. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "नदीत." डॉक्टरने आमच्याकडे पाहिलं. म्हातारीला भ्रम झाला की काय अशा नजरेने. इथे नदी आहे, असं त्याने अगदी मनापासून विचारलं. त्यावर सासूबाई दुखऱ्या पायासकट उठून बसल्या आणि त्याला पत्ता सांगायला लागल्या. तू येतोस त्या रस्त्यावर एक पूल लागतो, सगळे त्या पुलावर गाडीच्या काचा वर करतात, त्याच्याखाली आहे. डॉक्टर म्हणाला, तो नाला ना? त्या म्हणाल्या, डोंगरातून येते, समुद्राला मिळते, तिला नाला म्हणतात का रे तुमच्यात? तो बिचारा ओशाळला. मला त्याचा राग आला नाही, त्याने काचा खाली केलेल्या कधी पाहिल्याच नसतील.

घरी आल्यावर मी ठणकावून सांगितलं, की आता पुरे. बाजारात पूजेच्या सामानात गौरीचे खडे पाकिटातून मिळतात, आजूबाजूच्या बायका तेच आणतात. पाकीट नको असेल तर माझ्याबरोबर शाळेत शिकवायची ती एक मैत्रीण आहे गिरीज गावची. तिच्या वाडीत केळीच्या बागेला लागून बावखल आहे, त्या गावांतून गोड्या पाण्याची जुनी तळी असतात त्यातलं. ती ख्रिस्ती, पण मी गौरीचं सांगितल्यावर तीच आपण होऊन म्हणाली होती, की आमच्याकडून ने, आमचं पाणी अजून पिण्यासारखं आहे. हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, तिचं मन मोठं आहे, पण गौर सासरहून माहेरी येते, आणि सासर काय दर वर्षी नवीन बघायचं?

"असल्या सासरी पोटच्या मुलीला कोण ठेवतं?" मी म्हणाले.

मला राग आला होता. त्यांच्या पायाचा, त्या गाळाचा, सभेतल्या त्या खाली बघणाऱ्या माणसांचा, सगळा राग मी त्या एका वाक्यात ओतला. नंतर बरेच दिवस सासूबाईंनी हा विषय काढला नाही आणि मला वाटलं, विसरल्या.

यंदा भाद्रपद आला तेव्हा त्या काठी घेऊन फाटकापाशी उभ्या. मला म्हणाल्या, ह्याचे गमबूट घालून उतर. अनवाणी जायचा नियम त्यांनी स्वतःच मोडला, म्हणजे पायाचं त्यांच्याही मनात होतं. मी नवऱ्याचे गमबूट घातले, वर जरीची साडी, हातात ताम्हण. आरशात पाहिलं नाही ते बरं केलं.

बाहेर गेलो तर काठावर टँकर उभा. सोसायट्यांच्या शौचालयाच्या टाक्या उपसतो तो. त्याचा जाड पाइप नदीत सोडलेला आणि त्यातून जे पडायचं ते धो धो पडत होतं. मी ओळखला तो टँकर. पुढच्या काचेवर गणपतीचं चित्र आहे, दर दोनेक महिन्यांनी तो आमच्याही टाकीवर येतो. तो इथून जातो कुठे, हे आमच्या सभेत कधी निघालं नव्हतं. सभेत फक्त वासाचं निघायचं.

टँकरवाल्याने आम्हाला पाहिलं. हातातलं ताम्हण पाहिलं, खण पाहिला. त्याने पटकन पाइपची चावी फिरवली, डोक्यावरची टोपी काढली आणि हात जोडले.

"गौर ना? घ्या मावशी सावकाश," तो म्हणाला. "तुमचं होईपर्यंत मी बंद ठेवतो."

मला बोलायचं होतं. माझ्या तोंडात इतकं होतं की त्याला सात पिढ्या पुरलं असतं. पण सासूबाईंनी काठीनेच पुढे हो म्हणून खूण केली. मी उतरले, वरच्या अंगाला जाऊन हात घातला, आणि पहिला खडा हाताला लागला. झालं. वाचा बंद. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो काय असतो ते मला तिथे कळलं. मी एकेक खडा उचलत होते, तो माणूस टोपी छातीशी धरून अदबीने उभा होता, आणि पाइपच्या तोंडातून थेंब गळत होते. त्याच्या मनात पाप नव्हतं, हे मला सर्वांत जास्त लागलं. देवीचा मान त्याने राखला होता. नदीचा मान राखायचा असतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

सात झाले. मी वर आले, खण झाकला. आम्ही पाठ फिरवून फाटकापर्यंत पोचतो न पोचतो तोच मागे चावी फिरल्याचा आवाज आला आणि पुन्हा धो धो सुरू झालं. सासूबाई थांबल्या. मागे वळून बघायचं नसतं, त्यांनी बघितलं नाही. काठी टेकून तशाच उभ्या राहिल्या, मग चालायला लागल्या.

घरी उंबरठ्यावर नवरा उभा. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून विचारायचं काम त्याच्याकडे आहे, आणि तो ते बँकेत टोकन नंबर पुकारावा तसं करतो.

"गौर आली, कशाच्या पावलांनी आली?" त्याने विचारलं.

मी तोंड उघडणार तोच सासूबाई माझ्या मागून म्हणाल्या, "बघ की खाली."

जिन्यापासून दारापर्यंत माझ्या गमबुटांचे काळे ठसे उमटले होते. घाण वास जिनाभर सुटला होता. समोरच्या ब्लॉकचं दार उघडलं आणि लगेच बंद झालं. नवऱ्याने ते ठसे पाहिले, आईकडे पाहिलं, आणि तो दारातून बाजूला झाला. आयुष्यात पहिल्यांदा आमच्याकडे गौर सोन्याच्या पावलांनी आली नाही. मी बूट बाहेर काढले, पाय धुतले आणि ताम्हण आत नेलं.

खडे मात्र सातही खरे निघाले. मी नखाने खरवडून, साबणाने धुऊन पाहिले. बाकी सगळं रीतीप्रमाणे केलं. सासूबाई पाटासमोर बसून असायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी खड्यांवर फिल्टरचं पाणी घातलं. आधी कधी असं केलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी दहीभात कालवला आणि शिदोरी बांधायला केळीचं पान घेतलं.

"भात राहू दे," त्या म्हणाल्या. "ती जाणार नाही."

बोळवण केली नाही तर कसं चालेल, मी म्हणाले. मला खरंच धक्का बसला होता. चाळीस वर्षं ज्या बाईने मला ओठ हलवू दिला नाही, ती मधूनच सोडा म्हणत होती.

"तूच विचारलंस ना, असल्या सासरी कोण ठेवतं? मी नाही ठेवत." त्यांनी स्वतः ताम्हण उचललं, गॅलरीत नेलं आणि सातही खडे तुळशीच्या कुंडीत, मुळाशी, एकेक करून मांडले. मग खाली बसल्या आणि रडल्या. मीही रडले. वाद मी जिंकला होता आणि मला तो हरायचा होता. नदीशी आमचं जे एक काम उरलं होतं तेही आता संपलं होतं. बाकीच्या घरांचं कधीच संपलं होतं, आम्ही उशिरा पोचलो एवढंच.

गणपती उठल्यावर सेक्रेटरी जिन्यात भेटला. सभेला वेळ होता, पण त्याने सहज म्हणून फाटकाचं काढलं. तोंड वर करून नाहीच विचारलं त्याने, सवयीने नकार ऐकायच्या तयारीतच होता. सासूबाई म्हणाल्या, लावा पत्रा. त्याला वाटलं त्याने चुकीचं ऐकलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही, आणि या वेळी मला कुणी गप्प केलं नव्हतं.

वेल्डिंगवाला रविवारी आला. सासूबाईंनी खाली खुर्ची मागितली आणि काठी मांडीवर घेऊन बघत बसल्या. पत्र्याने वास थांबत नाही, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं. पण सोसायटीतली माणसं येऊन जाऊन समाधानाने बघत होती. एक गृहस्थ म्हणाले, आता मागची बाजू कशी स्वच्छ दिसेल. पत्रा उभा करण्याआधी वेल्डिंगवाल्याने फाटकाची कडी काढायला ते एकदा पूर्ण उघडलं. बाहेर झाडोरा माजला होता, पायवाट दिसत नव्हती. पोरसवदा होता, कुठल्या तरी लांबच्या गावाहून आलेला. त्याने नाकाला रुमाल लावला आणि वळून विचारलं, आजी, पलीकडे काय आहे?

डॉक्टरला खाटेवरून पत्ता सांगणारी बाई ती. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या.

त्याने मान हलवली, फाटक ओढून घेतलं आणि पत्रा लावायला घेतला.